स्ट्रेसचं सेशन आणि माझी ड्युटी लिस्ट

परवा आमच्या हॉस्पिटलात स्टाफसाठी स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन झालं, दुपारी अडीच ते चार. शिकवायला आलेल्या मॅडम फार मनापासून बोलल्या, श्वास कसा सोडायचा ते करून दाखवलं, दोन जणी तर डोळे मिटल्या मिटल्या तिथेच रडल्या. मॅडमबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण मी मागच्या रांगेत बसून सारखी माणसंच मोजत होते. पुढे मॉर्निंगच्या पोरी, साडेसातपासून उभ्या, डबा अजून पिशवीतच. तिसऱ्या रांगेत माझ्या वॉर्डातली नाईटची सिस्टर, सकाळी आठला उतरली, एसटीनं तासभर घरी गेली, दोन तास पडली आणि हजेरी कम्पल्सरी म्हणून परत आली, आणि रात्री आठला तिची परत नाईट. इव्हिनिंगचं कुणीच नव्हतं कारण मग वॉर्ड कोण बघणार. आणि मावशी, मामा म्हणजे वॉर्डातल्या आया आणि वॉर्डबॉय, सफाईवाले, यांच्यातलं एकही माणूस नव्हतं, त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय म्हणून आज लिहायला बसले.

मी सरकारी हॉस्पिटलात २२ वर्षं नोकरी करतेय, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झाल्या झाल्या लागले, आता तीन वर्षं मेडिसिनच्या फिमेल वॉर्डची इन्चार्ज आहे. मंजूर खाटा ४०. पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोच्या दिवसांत पेशंट साठच्या वर जातात, मग दोन खाटांच्या मधे गाद्या टाकायच्या आणि सलाईन खिडकीच्या गजाला लावायची. नाईटला सिस्टर दोनच असायच्या. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या हॉस्पिटलला पाच पेशंटमागे एक नर्स आणि टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक असा आहे, वर सुट्ट्या-रजांसाठी ३० टक्के जादा माणसं धरायला सांगितलीत. हे मी पहिल्यांदाच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्या छोट्या छोट्या गोष्टी लिहिणार आहे त्या वाचून कुणाला वाटायला नको की चहा दिला आणि पाठीवर हात ठेवला की रिकाम्या जागा भरल्या. रिकाम्या जागा भरतीनंच भरतात.

बर्नआउट हा शब्द आपल्याकडे आत्ता आत्ता ऐकू यायला लागला पण तो जुना आहे. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं तो लिहिला, आणि तोही न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या माणसांबद्दल, म्हणजे शब्दाचा जन्मच आपल्यासारख्यांमधे झालाय. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची नीट व्याख्या केली, आणि त्यात मला सगळ्यात पटलेली गोष्ट अशी की त्यांनी त्याला आजार म्हटलंच नाही, कामाच्या जागी घडणारी गोष्ट म्हटलं. खूण म्हणून तीन गोष्टी सांगितल्यात, अंगातलं बळ संपणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटायला लागणं. आता जी गोष्ट कामाच्या जागी घडते तिचा उपाय फक्त त्या बाईच्या श्वासात कसा असेल? तो ड्युटीतही असायलाच पाहिजे ना.

यातलं दमणं सगळ्यांना दिसतं. दुसरी खूण ओळखायला मला फार वर्षं लागली. मी आता पोरींच्या बोलण्याकडे कान ठेवते. बेड नंबरनं आम्ही सगळेच बोलतो, ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीला वॉर्ड सोपवताना, "सात नंबरला बीटी चालूये", म्हणजे रक्त चढतंय, असंच म्हणायचं असतं, त्यात काही नाही. पण जी पोरगी कालपर्यंत "आजी, हात सैल सोडा हं" म्हणत होती ती आजीच्या तोंडावर "ए सात नंबर, हात दे" म्हणाली की मी समजते हिचं काहीतरी बिनसलंय. किंवा जी नेहमी ओव्हर देताना दोन गोष्टी जास्तीच्या सांगायची, अमकीचा मुलगा रात्री येणारे, तमकी जेवत नाहीये, ती नुसती औषधांची यादी वाचून पर्स उचलून निघाली की समजते. अशा वेळी ओरडून काही होत नाही. त्या पोरीला कुणीतरी त्याच दिवशी गाठायला हवं.

मला कुणी गाठलं ते सांगते.

२०२१ च्या एप्रिल-मे मध्ये मी कोविड वॉर्डला होते. त्या दिवसांबद्दल मी अजून घरीसुद्धा फारसं बोललेले नाही आणि इथेही नाही लिहिणार. पण गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच ती, त्या दोन महिन्यांत मला काही झालं नाही. पळत होते, किटमधे घामानं भिजत होते, रात्री झोप लागत होती. झालं ते नंतर, २०२२ मध्ये, सगळं शांत झाल्यावर, लोक मास्क काढून लग्नं करायला लागल्यावर. एका इव्हिनिंगला एक बाई गेली, तिची मुलगी औषधं आणायला खाली गेली होती, ती परत आली आणि दारातच मला विचारलं, "सिस्टर, आई झोपली का?" आणि मी तिला म्हटलं, "डॉक्टरांना विचारा", आणि पुढच्या पेशंटचं बीपी घ्यायला वळले. मला आत काहीही वाटलं नाही. मुलगी मागे किंचाळली तेव्हाही नाही. त्या रात्री बसमधे माझा स्टॉप गेला, पुढचा गेला, त्याच्या पुढचाही गेला, मी खिडकीतून बघत बसले होते, उतरायचंय हे कळत होतं पण उठावंसं वाटत नव्हतं.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. पण आमच्या त्या वेळच्या इन्चार्ज सिस्टर, आता रिटायर झाल्यात, त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी दोन दिवसांनी मला स्टोअरमधे इंडेंट लिहायच्या निमित्तानं बोलावलं, दार लावलं, स्टीलच्या भांड्यातला चहा दोन कपांत ओतला आणि म्हणाल्या, "तुझ्या पुढच्या तीन महिन्यांच्या नाईट मी काढल्यात. ऑफिसला काय कारण द्यायचं ते माझं मी बघते. तू आता काही बोलू नकोस, चहा पी." मी खरंच काही बोलले नाही. रडले ते चौथ्या की पाचव्या दिवशी, घरी, भाजी निवडताना. नंतर त्यांनीच मला मेडिकल कॉलेजच्या सायकियाट्री ओपीडीला नेलं, स्वतःचा डीओ, म्हणजे सुट्टीचा दिवस, घालवून, माझ्याबरोबर केसपेपरच्या लाईनीत उभ्या राहून, मागच्या दारानं न नेता. "आपणच लपवलं तर पेशंटला काय सांगणार गं," एवढंच म्हणाल्या. तीन-चार महिने गोळ्या घेतल्या, समुपदेशनाला गेले, बरी झाले.

त्यांनी माझ्यासाठी सगळ्यात आधी काय वापरलं, तर ड्युटी लिस्ट. तो एक कागद इन्चार्जच्या हातात असतो. भरती आमच्या हातात नाही, पगार नाही, पंखे दुरुस्त करायलासुद्धा पीडब्ल्यूडीला चार पत्रं लागतात, पण महिन्याच्या शेवटी एक कागद, एक पट्टी आणि एक पेन आमच्या हातात असतं आणि त्यावर बारा जणींची झोप अवलंबून असते. मी इन्चार्ज झाल्यावर ठरवलं की याच्यात हात घालायचा.

पहिलं म्हणजे मी इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग देणं बंद केलं. आमच्याकडे हे सर्रास चालतं, रात्री आठला सुटायचं, ओव्हर देता देता साडेआठ, घरी पोचेपर्यंत दहा, भाकऱ्या, भांडी, पोरांचे डबे, आणि सकाळी साडेसातला परत हजर. शरीराला मॉर्निंग-इव्हिनिंग-नाईट असं पुढे पुढे सरकणं सोपं जातं, उलटं मागे येणं अवघड जातं, कारण आपलं आतलं घड्याळ उशिरा सरकायला तयार असतं, लवकर सरकायला नसतं. मग लिस्ट तशीच लावायची, मधे ऑफ टाकून. नाईट सलग सात होत्या त्या चारवर आणल्या. त्यासाठी मला दोन महिने सगळ्यांशी डोकेफोड करावी लागली, कारण काही जणींना सलग सात करून सलग सुट्टी हवी असते, गावाला जायला, ते पण खरंच आहे. ज्यांना हव्या होत्या त्यांना तशा ठेवल्या. म्हणजे नियम असा केला की विचारल्याशिवाय सात नाही.

दुसरं, लिस्ट २५ तारखेला लागणार म्हणजे लागणार. हे ऐकायला काहीच नाही वाटत. पण आमच्या एका पोरीचं पोर अडीच वर्षांचं, सासू गावाला, नवरा कंपनीत शिफ्टला, तिला पुढच्या आठवड्यात कधी नाईट आहे हे आदल्या दिवशी कळायचं. तिचा निम्मा ताण पेशंटचा नव्हताच, पोर कुणाकडे ठेवू याचा होता. लिस्ट वेळेत लागायला लागल्यावर महिन्याभरातच तिचा चेहरा बदललेला मी बघितलाय.

आणि ऑफच्या दिवशी फोन नाही. हे मला अजून शंभर टक्के जमलेलं नाही. कुणी आजारी पडलं, रजा पडली की हात आपोआप फोनकडे जातो, कुणाला तरी डबल ड्युटीला बोलवावंच लागतं. तरी आता मी आधी स्वतः उभी राहते, मग मेट्रन ऑफिसला दुसऱ्या वॉर्डातून माणूस मागते, आणि त्यानंतरच घरी फोन करते. आणि जिला बोलावलं तिला त्याच महिन्यात तो ऑफ परत द्यायचा, वहीत लिहून. तो उधार राहिला की विश्वास जातो.

अजून एक सवय लावलीय ती म्हणजे रिपोर्ट बुकात रोज नाईटला किती पेशंट आणि किती सिस्टर हे वर तारखेखालीच लिहायचं. तक्रारीच्या सुरात नाही, नुसता आकडा. तीन महिन्यांचे आकडे मी एका पत्राला जोडून मेट्रन मॅडमना दिले, त्यांनी ते पुढे पाठवले. लगेच काही झालं नाही, आठ महिन्यांनी दोन कंत्राटी सिस्टर मिळाल्या. साठ पेशंटना दोनच्या जागी तीन झाल्या की रात्रीचं गणित केवढं बदलतं ते ज्यानं एकटीनं क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांची गाडी, ओढलीय त्यालाच कळेल. म्हणून ज्या कुणी इन्चार्ज हे वाचत असतील त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की तोंडी रडू नका, लिहा.

आता खोलीबद्दल लिहायचंय, आणि हा भाग लिहिताना मला जड जातं.

नर्सिंगला होते तेव्हा अरुणा शानबाग हे नाव आमच्यापैकी प्रत्येकीला माहीत होतं. २७ नोव्हेंबर १९७३, मुंबईचं केईएम. ड्युटी संपवून घरी जाण्याआधी ती तळघरात कपडे बदलायला गेली आणि तिथे तिच्यावर हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, ४१ वर्षांहून जास्त, ती त्याच हॉस्पिटलात बेडवर होती, आणि केईएमच्या सिस्टरांनी, म्हणजे ज्यांनी तिला कधी चालताना बघितलंही नव्हतं अशा पुढच्या पिढ्यांनीसुद्धा, तिला भरवलं, कूस बदलली, अंगाला बेडसोर होऊ दिला नाही. सुप्रीम कोर्टानं २०११ च्या निकालात त्यांचं कौतुक केलं. ते वाचताना छाती भरून येते. पण मी इन्चार्ज झाल्यापासून माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट येते, ती कपडे बदलायला तळघरात का गेली होती? आणि मग ९ ऑगस्ट २०२४, कोलकात्याचं आर. जी. कर, लांबलचक ड्युटीत थोडं पडायला म्हणून ती डॉक्टर पोरगी सेमिनार हॉलमधे गेली होती आणि तिथेच तिच्यावर अत्याचार करून तिला मारलं. मधे पन्नास वर्षं गेली. एकीला कपडे बदलायला जागा नव्हती आणि दुसरीला पाठ टेकायला.

त्या ऑगस्टमधे आपल्याकडेही मार्ड या संघटनेचे रेसिडेंट डॉक्टर संपावर गेले, त्याच महिन्यात एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, टास्क फोर्सनं शिफारस केली की रेसिडेंटना आठवड्याला ७४ तासांच्या वर काम नको आणि एक सुट्टी हवी. आमच्या वॉर्डाच्या हाऊसमन, म्हणजे ज्युनियर डॉक्टर पोरांना मी अजूनही सलग दुसऱ्या दिवशी त्याच शर्टात बघते.

त्या बातमीनंतर मी आणि दोन स्टाफनी मिळून आमच्या वॉर्डामागची जुन्या गाद्यांची खोली रिकामी केली. मामांनी चुना मारला. आतून कडी बसवली, ती आमच्याच पैशांनी, खर्च २८० रुपये. एक खाट, एक आरसा, एक बादली. बाहेर बल्ब लावला. आता नाईटला दोन ते चार आणि चार ते सहा असं एकेकीनं पाठ टेकायचं, पेशंट सीरियस नसतील तर, आणि रेसिडेंट मुलींनाही ती खोली उघडी. मला ठामपणे वाटतं की आतून कडी लागणारी खोली हे हॉस्पिटलमधलं सगळ्यात पहिलं स्ट्रेस मॅनेजमेंट आहे, सेशन त्यानंतर.

माझी एक बॅचमेट आयर्लंडला नर्स आहे, तिच्याशी व्हिडीओ कॉलवर बोलताना कळलं की तिकडे काही वॉर्डांत पेशंट गेला की सगळे मिनिटभर गप्प उभे राहतात. मग मी शोधून वाचलं, अमेरिकेत व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलातल्या जोनाथन बार्टल्स नावाच्या नर्सनं हे सुरू केलं. पेशंट गेल्यावर तो म्हणाला की थोडं थांबूया, हे माणूस होतं, याचं कुणीतरी होतं, आणि आपण याच्यासाठी धडपडलो. बस एवढंच. मला वाटलं आमच्याकडे हे शक्य नाही, इथे एक बेड रिकामा झाला की कॅज्युअल्टीतून दोन फोन येतात.

मग मागच्या सप्टेंबरात आमच्याकडे एक डेंग्यूची पोरगी गेली, वय १९. पाऊण तास सीपीआर चालला, हाऊसमन, दोन सिस्टर, मामा, आळीपाळीनं. डॉक्टरांनी वेळ सांगितली, आणि नेहमीसारखे सगळे आपापल्या दिशेला वळले. मी म्हटलं, "थांबा रे सगळे. एक मिनिट." सगळे थांबले. कुणाला काय करायचं ते माहीत नव्हतं, हाऊसमनच्या हातात अजून श्वास द्यायची अँबू बॅग होती. मी फक्त पोरीचं नाव घेतलं आणि म्हटलं, आपण सगळ्यांनी केलं तेवढं केलं. पंखा वाजत होता. मिनिटभरानं आम्ही हललो.

आणि मी मावशींना विसरले. त्या पडद्याच्या बाहेर बॉडी पॅक करायचं सामान घेऊन उभ्या होत्या, आत यायचं का नाही ते न कळून. नंतर त्यांनीच त्या पोरीला पुसलं, नाकात कापूस घातला, हनुवटीला बँडेज बांधलं, वेणी सुटली होती ती परत घातली. वेणी घालायची काही गरज नसते. मामांबरोबर शवागारापर्यंत गेल्या, परत येऊन जमीन पुसली. दोन दिवसांनी दुपारी माझ्यासमोर जमिनीवर बसून त्या म्हणाल्या, "सिस्टर, त्या दिवशी घरी गेले ना, तर माझ्या पोरीला जवळ घ्यायची हिंमत झाली नाही. हात तीनदा धुतले. तिचं पण एकोणीसच चालूये." बारा वर्षं त्या हे काम करतायत. मी विचारलं, "मावशी, हे कधी कुणाला बोललात का?" त्या म्हणाल्या, "आम्हाला कोण विचारतंय."

त्या कंत्राटी आहेत. एक खाडा झाला की दिवसाचे पैसे कापले जातात. आमच्या सिस्टरांना निदान सीएल आहे, मेडिकल लीव्ह आहे, संघटना आहे, आणि कोविडमधे आमच्यासाठी टाळ्या तरी वाजल्या. प्रत्येक मृत्यूला शेवटचा हात ज्यांचा लागतो त्यांच्या नावाचा कागद आमच्या ऑफिसात नसतो, कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडे असतो. त्या दिवसापासून थांबायचं ते मावशी आणि मामा पडद्याच्या आत आल्यावरच थांबायचं, आणि पॅकिंग मावशींनी एकटीनं करायचं नाही, एक सिस्टर सोबत उभी राहणार, नियम म्हणूनच. काही जणी कुरकुरल्या, आता करतात.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर १४४१६ मी चेंजिंग रूमच्या आरशाशेजारी मोठ्या अक्षरात लावलाय, सरकारचा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं, आणि तो पेशंटसाठी आहे तसा आपल्यासाठीही आहे हे सगळ्यांना तोंडानं सांगितलंय, मावशी-मामांना वेगळं बसवून, कारण त्यांच्यातल्या तिघांना वाचता येत नाही. कुणी फोन केला का ते मी विचारत नाही. पण मागच्या आठवड्यात त्या कागदाचा एक कोपरा फाडलेला होता आणि मागे पेननं तोच नंबर लिहून बघितल्याचा ठसा होता.

सेशनबद्दल मी मेट्रन मॅडमना पत्र दिलंय. पुढचं सेशन ड्युटीच्या वेळेत, तीन बॅचमधे, नाईटवाल्यांना त्यांच्या ऑफनंतर, आणि क्लास फोर आणि कंत्राटी स्टाफसकट. मॅडम म्हणाल्या, बघते. त्यांच्याकडेही माणसं कमीच आहेत, पण त्या बघते म्हणाल्या की बघतात.

आज २३ तारीख. पुढच्या महिन्याची लिस्ट समोर ठेवलीय, अर्धी भरून झालीय, अडीच वर्षांच्या पोराच्या आईला शनिवारची नाईट कशी टाळायची ते अजून सुटत नाहीये. सगळ्यात खाली, छापील रकान्यांच्या बाहेर, मी पेन्सिलनं मावशी-मामांचीही नावं लिहिते हल्ली, सुपरवायझरशी फोनवर बोलून त्यांचे खाडे-सुट्ट्या जुळवते, तो ऐकतो कधी, कधी नाही. मावशींच्या पोरीची गुरुवारी सरकारी भरतीची परीक्षा आहे, सेंटर लांब आहे, त्यांना तिच्याबरोबर जायचंय. सुपरवायझर आज हो म्हणालाय. गुरुवारी त्यांच्या जागी दुसऱ्या वॉर्डातून कोण येणार ते उद्या सकाळी ठरवायचं.